तासगावचा काटा आणि सांगलीचा प्रिंटर

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचं एक अडत दुकान आहे, त्यांचंच कोल्ड स्टोरेज तासगावात. दोन्हीकडचे संगणक मी बघतो. दोन राउटर व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी वाटेनं जोडले, ती वाट (टनेल) 'कनेक्टेड' दिसत होती, पण सांगलीत बसणाऱ्या दिवाणजींना तासगावच्या काट्याचं वजन काही दिसेना.

काट्याच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२०. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' अशा हाकेला, उत्तर येत होतं, म्हणून मी दोन दिवस सॉफ्टवेअरच उसवत बसलो. मग वेळेकडं लक्ष गेलं: एक मिलिसेकंदापेक्षा कमी! इंटरनेटवरून तासगावला जाऊन पॅकेट इतक्यात परत येईल कसं? शेजारच्या प्रिंटरची केबल उपसली. पिंग थांबलं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', म्हणजे समोरचं यंत्र सापडत नाही, आणि तेही माझ्याच संगणकाच्या पत्त्यावरून. म्हणजे प्रिंटरचा पत्ताही तोच होता, आणि दोन दिवस प्रिंटरच ओ देत होता.

दोन्ही राउटर कंपनीतून आले तसेच लावलेले: १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.० (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते मास्क सांगतो). पाठकोऱ्या कागदावर आकडे बायनरीत मांडले तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. संगणक आधी आपला आणि समोरचा पत्ता मास्कमधून गाळून बघतो. पहिले तीन आकडे जुळले की समोरचा शेजारीच धरतो आणि 'एक-वीस कोण?' असं तिथल्या तिथंच विचारतो. पॅकेट राउटरच्या हातात जातच नाही. मग राउटरमध्ये किती का रूट लिहिना!

पत्ते तसेच ठेवून नॅटनंही, म्हणजे राउटरनं वाटेत पत्ते बदलूनही, भागलं असतं. पण एका यंत्राचे दोन पत्ते रात्री फोनवर कुणाला समजावणं मला नको होतं. तासगावला १९२.१६८.२.० दिलं, टनेलच्या दोन्ही टोकांना ते कळवलं. सगळ्यांना वजन दिसलं, दिवाणजी सोडून. "अहो, माझ्याच मशीनला काय झालंय?" त्यांच्या संगणकात कुणीतरी हातानं मास्क टाकला होता, २५५.२५५.०.०. त्या हिशेबानं तासगावसुद्धा शेजारीच! मास्क सुधारला आणि पडद्यावर काट्याचं वजन उमटलं.

आठवड्यानं मालकांनी घरून जोडून बघितलं. त्यांच्या घरच्या राउटरचं नेटवर्कही १९२.१६८.१.० च. खाजगी नेटवर्कसाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात तीन पट्टे राखलेत. १० नं सुरू होणाऱ्या एकट्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत, आणि आपण सगळे १९२.१६८.१ च्या एकाच कोपऱ्यात गर्दी करतो. रविवारी यार्ड बंद असताना सांगलीला १०.४४.१.०, तासगावला १०.४४.२.० केलं आणि प्रिंटरवर नवा पत्ता लिहून चिकटवला.