दिवसभरात एक तांब्या

जानेवारीतली रात्र होती. साडेअकराला ट्रॅक्टर दवाखान्यासमोर थांबला तेव्हा मला आधी अपघातच वाटला. गळीत हंगामात आमच्या भागात ते नवीन नाही. पण ट्रॉलीतून घोंगडीत गुंडाळलेली एक बाई उतरवली गेली. वय बत्तीस-तेहतीस. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे जोडीनं ऊस तोडणारे मजूर, बीडकडून सांगलीच्या या पट्ट्यात आलेले. सोबतचा माणूस दारातूनच म्हणाला, "म्याडम, एक सुई मारा. सकाळी फडात जायचंय, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो."

उजव्या कुशीतून जांघेपर्यंत उतरणारी कळ, पंधरा दिवसांपासून. किराणा दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांवर तिने ऊस तोडला होता. हे ऐकल्यावर मुतखडा मनात आलाच, पण एक गोष्ट खटकत होती. मुतखड्याचा पेशंट तडफडतो. त्याला बसवत नाही, झोपवत नाही, धड उभंही राहवत नाही. पोटाला सूज आलेला पेशंट हालचाल टाळतो, याचं उलट असतं. ही मात्र भिंतीकडे तोंड करून गप्प पडली होती. हात लावला तर अंग भाजत होतं. ताप १०३, नाडी १३०, रक्तदाब ८६. ती गप्प होती, कारण तडफडायचीही ताकद उरली नव्हती.

समोरच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना झोपेतून उठवलं. उजवं मूत्रपिंड फुगलेलं, मूत्रनलिकेच्या वरच्या टोकाला ११ मिलिमीटरचा खडा अडकलेला, आणि त्यामागे तुंबलेली लघवी गढूळ दिसत होती. डाव्या बाजूलाही ४ मिलिमीटरचा एक खडा होता, पण तो आत निवांत बसलेला.

नवऱ्याला मी पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं. पाटात दगड अडकला की मागे पाणी तुंबतं. इथं तुंबलेल्या पाण्यात पू झालाय, आणि तो रक्तात उतरायला लागलाय. अशा वेळी खडा फोडायच्या मागे लागत नाहीत. आधी नळी घालून पू बाहेर काढायचा, खड्याचं नंतर बघायचं. नुसत्या औषधांवर थांबलो तर सकाळपर्यंत ती हातातून जाईल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून तिला मिरजेला पाठवलं. मोफत उपचारासाठी लागणारं रेशनकार्ड गावी सासूकडे होतं. रात्री एक वाजता तिकडून शेजारच्या पोरानं मोबाईलवर फोटो पाठवला. पहाटे मिरजेहून फोन आला: नळी बसली, पू निघाला.

दोन दिवसांनी मी तिला भेटायला गेले. का गेले ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. हा रोग तिला का झाला, हे डोक्यातून जात नव्हतं. माझ्याकडे मुतखड्याचे पेशंट येतात ते बहुतेक पुरुष, तीस ते पन्नाशीतले. साखर कारखान्याच्या बॉयलरवरचे, लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, वीटभट्टीवाले. ज्यांच्या बापाला किंवा भावाला झालाय, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचं वजन वाढलंय, त्यांनाही जास्त होतो. एकदा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. घाम जास्त आणि पाणी कमी असलं की लघवी घट्ट होते, आणि तिच्यातल्या कॅल्शियम, ऑक्झलेटचे कण एकमेकांना चिकटतात. मूळ एवढंच आहे.

"टमाटं तर मी खातच न्हाई," ती म्हणाली. मुतखड्याचं नाव काढलं की पहिला आरोप टोमॅटोच्या बियांवर. मी तिला सांगितलं, टोमॅटो खा, दूधही पी. कॅल्शियम म्हणून दूध बंद करू नये. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, लघवीत उतरू देत नाही. कमी करायचं ते मीठ, आणि वाढवायचं पाणी.

"किती पाणी पितेस दिवसाचं?"

"एक तांब्या. कवा तेबी न्हाई."

"एवढ्या कष्टात? तहान लागत नाही?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो चहा आणायला गेला तेव्हा बोलली. "पेलं की जावं लागतं. कुठं जावं मंग? तोडलेला फड मोकळा, गाडीवान, ड्रायव्हर सगळे गडीच. कोपीवर आल्यावर अंधार पडला की जाते. पहाटं चारला उठल्यावर एकदा." म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत ती लघवी दाबून धरत होती, आणि धरावी लागू नये म्हणून पाणी पीत नव्हती. असे हंगाम तिने अकरा काढले होते.

मग तिने आणखी एक सांगितलं. चार वर्षांपूर्वी असंच पोटात दुखायचं, म्हणून गावाकडच्या एका दवाखान्यात तिची पिशवी काढली होती. "पिशवी काढली तरी दुखायचं र्‍हायलंच." त्या दुखण्याला खडाच कारण होता, असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तेव्हाची सोनोग्राफी तिच्याकडे नाही. पण २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. तो आकडा मी वाचला होता. त्यातलीच म्हणावी अशी एक माझ्यासमोर बसली होती, आणि दुखणं तिच्यासोबतच होतं. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

वीस वर्षं मी पेशंटना सांगत आलेय, "भरपूर पाणी प्या, दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी." कागदावर लिहूनही देते. जायला जागा आहे का, हे मी एकाही बाईला विचारलं नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता पहिला प्रश्न तोच असतो.

तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून लेझरने तिचा खडा फोडला. नळी आणखी काही दिवस आत ठेवली. मला धास्ती याचीच होती. हंगाम संपला की ही माणसं एका रात्रीत गावाकडे निघतात, आणि आत विसरलेल्या नळीवर महिन्यामहिन्याने नवे खडे चढतात. मी मुकादमाला तीनदा फोन केला, तारीख पाठ करायला लावली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती नळी काढून परत जाताना माझ्याकडे आली. चेहऱ्यावर तरतरी होती. फडातल्या बायकांनी बांधाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या साडीचा आडोसा केला होता. फड बदलला की बांबूही उचलून न्यायचे. "आता कॅन भरून नेतो संगं," ती म्हणाली. लिंबू पिळते का विचारलं, तर म्हणाली, मिळालं तर.

मग पदराखालून केसपेपर काढून तिने टेबलावर ठेवला. "म्याडम, यावर ल्ह्या. दर दोन घंट्याला पाणी प्यायचं आन् लघवीला सोडायचं. मुकादमाला दावायचंय."

मी लिहिलं. सहीसुद्धा केली.

"शिक्का मारा," ती म्हणाली. "शिक्क्याबगर त्यो ऐकत न्हाई."