झिंगलेल्या झाडांच्या गावात

"मावशी, ही सगळी प्यायलेली आहेत," भाची म्हणाली. अलास्कात, फेअरबँक्सजवळच्या गोल्डस्ट्रीम खोऱ्यात तिचं भाड्याचं लाकडी घर आहे. त्याच्या मागे काळ्या स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या सदाहरित झाडांचं रान, आणि त्यात एक झाड सरळ असेल तर शपथ. कुणी डावीकडे कललेलं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर, एक तर डबक्यात तोंड खुपसून पडलेलं. इथली माणसंही त्यांना दारुडीच म्हणतात.

मी लोकरी कपड्यांनी बॅग ठासून आणली होती. ऑगस्टमध्ये इथे नुसत्या टी-शर्टवर फिरता येतं. डास मात्र असे, की भाताच्या खाचरातले बरे!

झाडं दिसायला पोरसवदा. खोड मनगटाएवढं, वय मात्र शंभरीच्या घरात. भाचीने एक पोलादी सळई माझ्या हातात दिली. "घाल आत." शिऱ्यात चमचा जावा तशी ती शेवाळातून गेली, आणि हातभर आत गेल्यावर ठक्क! कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तो दगड नव्हता, बारमाही गोठलेली जमीन होती. झाडांची मुळं तिच्यावरच्या पातळ थरात पसरलेली. खालचा बर्फ वितळला की जमीन खचते आणि झाडं कलंडतात. घरंही. भाचीचं घर जॅकवर उभं आहे. दर उन्हाळ्यात पाणसळ लावून एकेक कोपरा वर घ्यायचा. नळ नाहीच, पाणी कॅनमधून.

आपल्याकडे बर्फवाला लादी भुशात पुरून वर गोणपाट टाकायचा, तेच काम इथे शेवाळ करतं. अलास्का उरलेल्या अमेरिकेच्या दुपटीहून जास्त वेगाने तापतंय, आणि वणवे हे गोणपाटच जाळून टाकतात. 2004 च्या एका उन्हाळ्यात या राज्यात 66 लाख एकर जळालं.

दुसऱ्या दिवशी स्टीस हायवेने त्या वर्षीच्या जळिताकडे गेलो. स्प्रूसचे काळे खुंट, आणि त्यांच्यामधून बर्च आणि अ‍ॅस्पेन दाटीने वर आलेले. खोल जळालं की बऱ्याचदा असंच होतं, स्प्रूसची जागा पानगळीची झाडं घेतात. खरं सांगू? मला तो पट्टा फारच आवडला. पांढरीशुभ्र खोडं, सळसळती पानं. तसं बोलूनही गेले. भाची गाडी चालवत होती, काही बोलली नाही.

संध्याकाळी, म्हणजे नऊ वाजता लख्ख उजेडात, ती पुन्हा वही घेऊन घरामागे निघाली. डबक्याच्या काठाशी मी सळई घातली आणि ठक्कची वाट बघत राहिले. सळईची मूठ शेवाळाला टेकली.

"अजून ढकलू?"

"नको." तिने '120 सेंमीपेक्षा जास्त' एवढंच लिहिलं आणि सळई पुसायला घेतली.