पंढरपूर किती टप्पे?

एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात. भाडं टप्प्यावर ठरतं, त्यामुळे कंडक्टरच्या डोक्यात रस्ता किलोमीटरमध्ये नसतो, टप्प्यांत असतो. मी अकोला-वाशीम आणि अकोला-रिसोड गाड्यांवर उभा जन्म काढला. आधी तिकिटांचा ट्रे आणि पंच, नंतर मशीन. पातूर किती, मेडशी किती, मालेगाव किती, हे मला अर्ध्या झोपेत विचारलं तरी सांगेन. पण त्या टप्प्यांच्या मधलं मला काही ठाऊक नव्हतं. तिकिटं फाडणारा माणूस गाडीच्या आत पाहतो, खिडकीबाहेर पाहायला त्याला सवड कुठली!

वारीचं वेड मात्र नोकरीच्या आधीचं, आज्याकडून आलेलं. आमचं गाव पातूर तालुक्यातलं, रस्त्यापासून आत. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघाली की अकोल्यावरून पातूर, मेडशी, शिरपूर, रिसोड असं करत पुढं जाते. आजा मला खांद्यावर घेऊन पांदणीनं रस्त्यावर आणायचा. सोबत पितळी गुंड, दोन गडवे. पांढऱ्या कपड्यांच्या रांगा, खांद्यावर पताका, आणि पाचशे पावलं आधीपासून ऐकू येणारा टाळ. माणसं ओंजळ करून पाणी प्यायची अन् पुढं निघायची. मी विचारायचो, हे जातात कुठी? आजा धुऱ्याच्या पलीकडं हात करायचा, म्हणायचा, "तिकडं." तेवढं पुरायचं.

आजा मोठ्या कष्टानं एकदा जाऊन आला. बापाला जमलं नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याची ही जुनीच अडचण आहे. देहू-आळंदीच्या पालख्या ज्येष्ठ वद्यात निघतात. आम्हाला त्याच आषाढीला पोचायचं तर त्याच्या दोन आठवडे आधी घर सोडावं लागतं, कारण आमच्याकडून पंढरपूर महिनाभराच्या चालीवर. आणि ७-८ जूनला मृग लागतो. म्हणजे दिंडी निघायची अन् तिफन जुंपायची वेळ एकच. बाप दरसाल म्हणायचा, पुढच्या वर्षी पेरणी लवकर आटोपली तर जाऊ. पेरणी आपल्या हातात असती तर आणखी काय पाहिजे होतं! कधी पाऊस उशिरा, कधी दुबार पेरणी. तो गेला तो वारी न करताच.

आजी अशांना एक गोष्ट सांगायची. गजानन महाराज मंडळींसोबत पंढरपूरला गेले होते. सगळे दर्शनाला निघून गेले आणि बापुना काळे नावाचा भक्त वाड्यावर मागं राहिला. रडवेला झाला. महाराजांनी त्याला तिथंच, वाड्यावरच, विठ्ठलाचं रूप दाखवलं. ही गोष्ट आमच्या भागात घरोघर सांगतात, आणि मला वाटतं ती मागं राहणाऱ्यांनीच जास्त सांभाळून ठेवली आहे.

मी एसटीत लागलो आणि गंमत अशी झाली की पंढरपूरला जाऊ लागलो. आषाढीच्या जादा गाड्या! आमच्या अमरावती प्रदेशाच्या गाड्या गावाबाहेरच्या यात्रा स्थानकावर लागायच्या. तिथं पोचलो की प्रवासी उतरवायचे, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद भरायचा, पत्र्याच्या शेडमध्ये पाठ टेकायची, आणि परतीचे प्रवासी भरले की डबल बेल. लोक घरी म्हणायचे, हा तर दरसाल पंढरपूर करतो. मी काही बोलायचो नाही. चिखल, गाड्यांचा धूर आणि "अकोला, अकोला" असं ओरडणं, एवढंच माझं पंढरपूर होतं. कळसाचं टोकही दिसायचं नाही.

निवृत्त झालो त्यानंतरच्या मृगात मी विषय काढला. घरचीनं भाकर थापता थापता ऐकून घेतलं. म्हणाली, "पेरणीचं मी पाहीन. बियाणं आणून ठेवा अन् जा." मी म्हटलं, दोघं जाऊ. तिनं तव्यावरची भाकर उलटली. "दोघं गेलो तं तिफनीमागं कोण, मारोती?" विषय तिथंच मिटला.

आमच्या भागातली दिंडी लहान आहे. पन्नास-साठ माणसं, त्यात बाया जास्त. पुढं पताका, मग टाळकरी, मग वीणेकरी बुवा, मागं तुळशीवाल्या. एक ट्रॅक्टर-ट्रॉली, तिच्यात बोचकी, मोठी गंजं आणि पाण्याचे ड्रम. पहाटे काकडा, मग चाल, दुपारी विसावा, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. टीव्हीवर वारी दिसते ती दिवेघाटातली, वरून काढलेली. आमच्याकडे ड्रोन येत नाही आणि फुगडी खेळायला पुढारीही येत नाहीत. रस्त्याच्या कडेनं एक ओळ चाललेली असते, बाजूनं ट्रक जातात, एवढंच.

पहिले दोन-तीन दिवस माझं डोकं टप्पेच मोजत होतं. पायांनी मोजणी सोडायला लावली. पातूरच्या रेणुकामातेच्या टेकडीपाशी हात जोडले आणि घाटाला लागलो. या घाटातून मी किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही, पण गाडी घाटात शिरली की माझं वेबिल भरायचं काम सुरू व्हायचं, त्यामुळे घाट म्हणजे माझ्यासाठी वाकडं येणारं अक्षर. आता पाहिला. जूनच्या सुरुवातीचा साग उघडा असतो, पानं सगळी खाली, पावलागणिक करकर वाजणारी. वरच्या वळणावर वानरांची टोळी बसलेली, त्यातलं एक आमच्या मृदंगवाल्याकडं टक लावून पाहत होतं. चढावर अभंग बंद पडत नाही, चाल मंद होते. म्हाताऱ्या बाया दोन चरणांच्या मध्ये श्वास घेतात आणि पुढच्या चरणाला बरोब्बर पोचतात. मी तरणाताठा म्हणून चाललेलो, मला ते जमत नव्हतं. उताराला लागलो तेव्हा गुडघ्यांनी आपलं अस्तित्व सांगितलं. रस्ता चौपदरी झाला तेव्हापासून सावली मात्र गेली. गाडीतून रुंद रस्ता बरा वाटायचा. पायी चालणाऱ्याला निंबाचं एक झाड चार पदरांपेक्षा मोलाचं.

फाट्यावर चढणारी माणसं. हे कोडं मला नोकरीत कायम असायचं. आजूबाजूला घर नाही, दार नाही, एक दगड आणि हात दाखवणारा माणूस. येतात कुठून? एका मुक्कामाला दिंडी तशाच एका फाट्यावरून आत वळली. तीनेक किलोमीटर पांदण, आदल्या रात्रीच्या पावसानं काळी माती चपलेला चिकटून पाय हत्तीचे झालेले. मग एकदम गाव. शाळेच्या ओट्यावर आमची सोय. गावातल्या पोरांनी व्हरांड्यात एक लाकडी फळी लावली होती, तिच्यावर सात-आठ प्लगं, आणि प्रत्येक मोबाईलखाली वहीचा कागद: "हिरव्या लुगड्यावाली आजी", "वीणेवाले बुवा", "खोकणारे काका". रात्रभर एक पोरगं पाळीनं राखण करत होतं. खोकणारे काका म्हणजे मी.

तिथंच एका सत्तरीच्या आजींनी माझ्या टाचेवरचा फोड पाहिला. विचारलं नाही काही. बटव्यातून सुई काढली, दिव्यावर धरली, दोरा ओवला, आणि फोडाच्या एका कडेतून घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. "कातडं काढजो नको. पाणी दोऱ्यानं झिरपते. सकायी चालता येईन." वरून हळद-तेल. सकाळी खरंच चालता आलं. त्या स्वतः पंचवीसेक वर्षांपासून जातात. बायांची वारीतली खरी अडचण फोडांची नाही, हे त्यांनीच सांगितलं. अंधार असेपर्यंत आडोसा गाठायचा म्हणून रात्री तीनला उठावं लागतं, आणि दिवसभर पाणी बेतानं प्यावं लागतं. वारीवर एवढं लिहिलं जातं, त्यात हे फार थोडं येतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. वारीत मला सगळ्यात जड गेलं ते चालणं नव्हे, घेणं. मी आयुष्यभर रस्त्यावरचा माणूस, पण पैसे मोजून घेणारा. फुकट कोणाला बसवलं नाही, कोणाचा फुकट चहा घेतला नाही. आणि इथं टपरीवर चहा प्यालो, खिशात हात घातला की टपरीवाला म्हणायचा, "राहू द्या माउली." न्हाव्यानं केस कापले, पैसे नाही. चपलेचा अंगठा तुटला, चांभारानं शिवून दिला, वरून पाया पडला. पाया! माझ्या! मी मागं सरलो. वीणेकरी बुवा म्हणाले, पाया तुमच्या नाही पडला तो, तुम्ही मध्ये येऊ नका. मला राग आला होता हे खरं. रात्री कीर्तनातही तेच डोक्यात.

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे, जैनांचं मोठं तीर्थ. ते मागं टाकून रिसोडच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन तापलं होतं. एका वस्तीवर विसावा. रोडग्यांचा बेत होता: गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, राखेतून काढून फडक्यात घोळलेले, मुठीनं फोडून त्यावर वरण अन् वांग्याची भाजी. मी पंगतीपासून जरा दूर, निंबाखाली बसलो होतो. एक बाई ताट घेऊन तिथंच आली. उभी राहून माझ्याकडं पाहत राहिली.

"तुमी रिसोड गाडीवरचे कंडक्टर ना?"

गणवेश नाही, बिल्ला नाही, आठ दिवसांची दाढी. मी हो म्हटलं. मला ती आठवत नव्हती. आठवणार कशी, रोजची शेकडो माणसं. तिची लेक अकोल्याला दिली होती, बाळंतपणाच्या वेळी ती आठवड्यातून दोनदा माझ्या गाडीत असायची म्हणे. "तुमी मले दाराजवळची जागा द्याचे. मले गाडी लागे म्हणून."

मी खाल्लं. उठताना सवयीनं नोट काढली, म्हटलं लेकराच्या हातावर ठेवा. तिचा चेहरा उतरला.

"गाडीत तुमी घेतले, थे तुमचं काम होतं. इथं माहं काम हाय. माह्या कामात हात नका घालू."

नोट परत खिशात गेली. त्या दिवसानंतर मी पैसे काढले नाहीत. कोणी गूळ दिला, घेतला. कोणी लिंबाचं पाणी दिलं, घेतलं. एका पोरानं अर्धी खाल्लेली कैरी पुढं केली, तीही घेतली. बुवांनी पाहिलं आणि नुसतं हसले. लहानपणी रस्त्याच्या कडेला गडवा घेऊन मी उभा असायचो तेव्हा पिणाऱ्या माणसाचा चेहरा मला दिसायचाच नाही, ओंजळ तेवढी दिसायची. ओंजळ करून उभं राहणाऱ्याला काय होत असतं ते आता कळलं. त्याला वाकावं लागतं. बस.

रिसोडच्या पुढं पैनगंगा लागते. पलीकडं मराठवाडा. पुलावर बायांनी हळद-कुंकू वाहिलं, नाणी टाकली. आमच्यातल्या दोघींनी तोवर विदर्भ सोडला नव्हता, त्या पुलाच्या मध्ये थांबून मागं वळून बघत राहिल्या. वीणा पुढं गेली तेव्हा लगबगीनं आल्या.

मराठवाड्याचा भाग लांबलचक आहे. परभणी, जनाबाईंचं गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर. मग सोलापूर. त्यावर लिहायचं तर वेगळं बसावं लागेल. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायची ताकद राहिली नव्हती. चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला डोकं लावलं, मुखदर्शन घेतलं. कळस पाहिला, पोटभर. यात्रा स्थानकावर गेलो नाही. आमच्या डेपोची पोरं तिथं ड्युटीवर असणार, भेटली असती तर आग्रहानं पुढच्या सीटवर बसवलं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जावं म्हटलं.

संध्याकाळी घरी फोन लावला. मी दर्शनाचं सांगायला लागलो, तिनं आधी शेताचं सांगितलं. पाऊस वेळेवर झाला. सोयाबीन सारखं निघालं, तुरीचे दोन तास विरळ आहेत, तिथं नांग्या भरल्या. रोही, म्हणजे नीलगाई, रात्री येतात, धुऱ्यावर जुन्या साड्या बांधल्या. मग थोडा वेळ काही बोलली नाही.

"बाया किती होत्या दिंडीत?"

म्हटलं, निम्म्याच्या वर.

"अन् तीनले उठा लागते म्हणता."

"हो."

"मी तं तीनलेच उठतो घरी." पुन्हा थांबली. "पुढच्या साली सरकी तुमी टोबा. कोणत्या धुऱ्याले किती, थे मी वहीत लिहून ठेवीन. चप्पल न्याची का बूट?"

मी म्हटलं चप्पल, पण जुनी, पायाला बसलेली. नवी नेऊ नको.

मी घरी पोचलो तर दाराशी नवी कोरी चप्पल होती. पातूरच्या बाजारातून आणली म्हणाली. जुनी करायला वर्षभर हाताशी आहे.