कैलास, अपडेट ५ : देऊळ बुडवलं तेव्हा पूल वाचला

सुटलं एकदाचं! (नव्याने वाचणाऱ्यांसाठी : माझ्या वर्गातली मुलं पीओपीच्या ठोकळ्यातून वेरूळचं कैलास देऊळ छोट्या आकारात, खऱ्यासारखंच वरून खाली कोरतायत.) आज सातवीच्या एका ग्रुपने गोपुर ते नंदीमंडप हा पूल शाबूत ठेवून ठोकळा तळापर्यंत नेला, आणि मी घरी येऊन हातपाय न धुता हे टाइप करतेय, कीबोर्डवर पीओपी सांडतंय, सांडू दे.

मागचं अपडेट वाचलेल्यांना माहितीये की मी जवळपास हात टेकले होते. नऊ ग्रुप, नऊ ठोकळे, त्यातल्या सहांमध्ये पूल गायब. दोघांचा ध्वजस्तंभ गेला. एका ग्रुपने शिखर इतकं सुरेख कोरलं की मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, आणि मग खाली गेल्यावर कळलं की जोत्यावरच्या हत्तींसाठी दगडच ठेवलेला नाही, देऊळ आपलं कुल्फीसारखं खाली निमुळतं होत गेलेलं.

मटेरियलचं आधी पटकन सांगते कारण दोघातिघांनी विचारलं होतं. तिसरं मिक्सच फायनल : पीओपी आणि व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात ते हलकं खनिज), मापाने अर्धं अर्धं, १ लिटरच्या ज्यूसच्या खोक्यात आडवं ओतायचं, म्हणजे साधारण १६ बाय ९ आणि ६ सेंमी खोल असा ठोकळा मिळतो. व्हर्मिक्युलाइट नर्सरीत घ्या, आर्टच्या दुकानात तेच दुप्पट भावाने गळ्यात मारतात. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार. आणि सेट होताना ते चांगलंच तापतं, मुलांना त्यात हात बुडवू द्यायचा नाही, ओतायचं काम आपण करायचं. दुसऱ्या दिवशी ओलसर असतानाच कोरायला घ्यायचं, धूळ उडत नाही. सिपोरेक्स (बांधकामातला हलका सच्छिद्र ब्लॉक) पण ट्राय केला होता, स्वस्त आहे आणि कापतो मस्त, पण धूळ भयंकर, बंद वर्गात नकोच. मधे एका हार्डवेअरवाल्याने दमट गोणी माथी मारली, ती चार तासांनी पण पनीरसारखी, बोट घातलं की आत. आता गोणी घेण्याआधी तिथेच वाटीभर कालवून बघते, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. हत्यारांचं म्हणाल तर ऑनलाइन मागवलेला बारा पीसचा कार्व्हिंग सेट पहिल्याच दिवशी वाकला, पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेली हॅकसॉ ब्लेडं (तुकडे करून एका टोकाला चिंध्या गुंडाळायच्या), एक कानस आणि घरातले जुने स्टीलचे चमचे यांच्यावर सगळा कारखाना चालू आहे.

आता मुख्य दुखणं. वेरूळची १६ नंबरची लेणी वरून खाली कोरलीये हे सगळ्या मुलांना पाठ आहे, सहावीतला पोरगा पण घडाघडा सांगतो, आठवं शतक, राष्ट्रकूट, कृष्ण पहिला. पण प्रत्यक्ष ब्लेड हातात घेतल्यावर कळतं की वरून खाली म्हणजे काय छळ आहे. ठोकळ्यावर वरून प्लॅन काढून दिला, की पहिल्या अर्ध्या सेंटिमीटरलाच तो प्लॅन खरवडून गेला! ज्याच्यावर नकाशा काढलाय तेच आपण फेकतोय. मग मुलं अंदाजाने खाली जातात, आणि अंदाजाने जाणारं मूल पोकळी दिसली की ती मोठीच करत जातं, कारण खोदण्यात मजा आहे आणि ठेवण्यात काहीच मजा नाही. मातीकामात उलट असतं, चुकलं तर गोळा लावा. इथे चुकलं ते गेलं.

कोकसाची गोष्ट मी पहिल्याच तासाला सांगितली होती, राणीने प्रतिज्ञा केली की कळस बघितल्याशिवाय जेवणार नाही, सगळे कारागीर म्हणाले एवढ्यात शक्य नाही, आणि पैठणच्या कोकसाने डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात करून आधी कळसच दाखवला. दंतकथा असली तरी मुलांना काम लगेच कळतं. पण एका मुलीने तेव्हाच विचारलं होतं, "ताई, कळस झाला, पण खाली किती रुंद जायचंय हे त्याला कसं कळलं?" मी तेव्हा "डोक्यात असतं त्यांच्या" असं काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. तीन शनिवार तोच प्रश्न मला चावत होता.

केलेले उपाय : एक, ठोकळ्याच्या चारही बाजूंना साइड व्ह्यू काढला. बाहेरची दीड सेंमीची कड आपण डोंगर म्हणून ठेवतोच, त्यामुळे त्या रेघा राहतात, पण आत खड्ड्यात काय चाललंय ते त्या सांगत नाहीत. दोन, कडेवर खुणा करून आरपार दोरे ताणले, गवंड्याच्या लाइनदोरीसारखे. हे बरंच चाललं, कुठे काय आहे ते कळतं, किती खोल ते आइस्क्रीमच्या काडीला खिळा टोचून मोजता येतं, कड हीच आपली शून्याची लेव्हल. पण दोरा सरळ असतो आणि देऊळ सरळ नाही. त्याला कोनाडे आहेत, पाच छोटी उपमंदिरं आहेत, शिखर पायरीपायरीने रुंद होतं. प्रत्येक खोलीला आकार वेगळा, आणि तो मुलांना कुठेच दिसत नाही. तिसरा उपाय म्हणजे मी स्वतः प्रत्येक लेव्हलचा ड्रॉइंग काढून द्यायला लागले, रात्री दीडपर्यंत, आणि मग लक्षात आलं की आता शिल्प मी करतेय आणि मुलं फक्त मजूर आहेत.

मग आठवलं की वासारीने (सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार, कलाकारांची चरित्रं लिहिणारा) मायकेलअँजेलोच्या चरित्रात एक पद्धत सांगितलीये, मेणाची मूर्ती पाण्याच्या भांड्यात आडवी ठेवायची आणि हळूहळू वर काढायची, जेवढं पाण्याबाहेर येईल तेवढंच संगमरवरात मोकळं करायचं. म्हणलं हे तर आपलंच काम, फक्त मूर्तीऐवजी देऊळ, आणि मूर्ती वर काढण्याऐवजी पाणी खाली न्यायचं.

पहिला प्रयोग : गणपतीतली उरलेली शाडू माती होती, तिचं मॉडेल केलं, पाण्यात ठेवलं, वीस मिनिटांत विसर्जन. हसू नका. दुसरा : मुलांची ती हलकी फोमवाली क्ले, आणली, देऊळ केलं, पाणी ओतलं, देऊळ तरंगायला लागलं, अख्खा वर्ग खिदळतोय आणि शाळेचे कलाशिक्षक सर दारात उभे. तिसरा : तेलवाली साधी प्लॅस्टिसिन, लादीच्या तुकड्यावर घट्ट दाबून बसवलेली, हे जमलं.

पाणी आधी नीळ घालून केलं, पण निळ्या पाण्यातून खालचं सगळं दिसतं, मग कुठपर्यंत बाहेर आणि कुठून आत ते डोळ्याला कळेना. एक मुलगा म्हणाला दूध घाला. घातलं, काय सुंदर दिसलं म्हणून सांगू, पांढऱ्या पाण्यातून फक्त कळस वर! पण वर्गाला वास सुटला, मग पांढरा पोस्टर कलर. डबा पारदर्शक, कोपऱ्यात पट्टी चिकटवलेली. पाणी काढायला मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी, तिला ते चाक असतं त्यामुळे अर्धा सेंटिमीटरला बरोबर थांबवता येतं, या पूर्ण प्रोजेक्टमधली सर्वात भारी खरेदी हीच. दहा लेव्हल. प्रत्येक लेव्हलला थांबायचं, वरून बघायचं, बाहेर दिसतंय तेवढं सोडून बाकीचं ठोकळ्यात तेवढंच खाली न्यायचं, पुन्हा चाक फिरवायचं.

चौथ्या लेव्हलला पुलाची पाठ पाण्यातून वर आली, एक पांढरी पट्टी, आणि ज्या मुलीच्या ग्रुपचा पूल मागच्या वेळी गेला होता ती ओरडली, "अरे हा ठेवायचाय, हात लावू नका!" बस. आठवडाभर मी घसा फोडून सांगत होते तेच पाण्याने एका सेकंदात सांगितलं.

एक गंमत झाली. मंडपाच्या छतावर कठड्याच्या आत पाणी साचून राहिलं, बाहेरची लेव्हल खाली गेली तरी. "ताई, गच्चीवर पाणी तुंबलंय." सिरिंजने उपसलं, पण त्यावरून खऱ्या देवळात पावसाचं पाणी कुठून जातं, गोमुख कशाला असतं, यावर वीस मिनिटं गप्पा झाल्या, ज्या माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हत्या. आणि सातवीतल्या एकाने शांतपणे सांगितलं की ताई या समोच्च रेषा आहेत, भूगोलात असतात त्या. मी दोन मिनिटं गप्प. मला हे सुचायला हवं होतं.

या पद्धतीची मर्यादा पण लिहून ठेवते, नाहीतर कुणी करायला जाईल आणि मला शिव्या देईल. पाणी फक्त वरून दिसणारं सांगतं. पुलाखालची पोकळी, मंडपाच्या आतली खांबांची जागा, बाजूच्या कड्यातल्या ओवऱ्या, हे काहीच त्यात येत नाही. ते सगळं भरीव ठेवून तळापर्यंत पोचायचं आणि मग आडवं शिरायचं. अजिंठ्याच्या २४ नंबरमध्ये अर्धवट राहिलेलं काम बघितलंय ना, तिथे कळतं की पोकळी करताना सुद्धा काय काय मुद्दाम धरून ठेवावं लागतं. आमच्या आजच्या ग्रुपने पुलाखाली दोन्हीकडून पेन्सिलीने भोक पाडत नेलं, मधे भेटताना एक टवका उडाला, तो फेव्हिकॉलने लावायचा का यावर भांडण झालं. मी लावू दिला नाही. मग एकाने मला ऐकवलं की खऱ्या कैलासावर पण चुन्याचा गिलावा होता, तुम्हीच फोटोत दाखवला होता, म्हणजे वरून लावलेलं चालतं. मुद्दा बरोबर होता, तरी नाही लावू दिला.

आणि आधी मॉडेल करून मग खोदणं ही चीटिंग आहे का, असं मागच्या वेळी इथे कुणीतरी लिहिलं होतं. नाही हो. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आधी बांधून झालेलं होतं, दगडावर दगड रचून, आणि कैलासाचा आराखडा बऱ्यापैकी त्याच्यावरच बेतलेला आहे. त्यांच्यासमोर मॉडेल होतंच, फक्त ते अख्ख्या देवळाएवढं होतं! तरीसुद्धा ८१२ सालच्या बडोद्याच्या ताम्रपटात लिहिलंय की करणारा स्वतःच थक्क झाला, हे मी केलं तरी कसं म्हणून. हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सेम."

पालकांपैकी एकांनी विचारलंच, याचा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला काय उपयोग. काही नाही. तिथे वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, कोरायचं काहीच नाही.

पुढचा प्लॅन असा होता की दिवाळीनंतर घुमट घ्यायचा, गोल घुमटाचं मातीत मॉडेल, फुगा वगैरे. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. प्रत्येक लेव्हलला मी मोबाइल स्टँडवर लावून वरून फोटो काढलेत, म्हणजे माझ्याकडे दहा समोच्च नकाशे तयार आहेत. ते प्रिंट करून पुठ्ठ्यावर ट्रेस केले, कापले आणि रचले तर तेच देऊळ रचून होईल, खोदून नाही. अर्धा वर्ग खोदेल, अर्धा रचेल, शेवटी दोन्ही शेजारी ठेवू.

थांबा, अजून एक. पुठ्ठा कापताना मधला चराचा भाग आपण फेकून देणार ना? तो फेकायचाच नाही. ते तुकडे पण त्याच क्रमाने रचायचे. मग जे उभं राहील ते म्हणजे कैलासातून काढलेला दगड! देवळाभोवतीची हवा, हातात धरता येईल अशी. वजन पण करता येईल, ठेवलेलं किती आणि काढलेलं किती, वाण्याच्या काट्यावर. घुमट गेला जानेवारीत.

३ मिमी पुठ्ठा घेऊ की कुरियरची खोकी? अर्ध्या सेंटिमीटरच्या लेव्हलला खोक्यांचा पुठ्ठा जवळपास बसतो असं वाटतंय, पण कापताना कडा चेपतात. कुणी केलं असेल तर सांगा. तोपर्यंत सोसायटीच्या वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, खोकी टाकू नका, आत्ताच त्यांनी फोन करून सांगितलं की अकरा जमलीत आणि ती लिफ्टसमोरून आधी उचला.