एचआर का नाही घेतलं?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि एकदाचं सांगून टाकते. एमबीएला एचआर सोडून फायनान्स का घेतलं? लग्नात, बँकेच्या रांगेत, मावशीच्या ओसरीवर, सगळीकडे हेच. "पोरींना एचआर बरं असतंय बाई, एसीत बसून काम." सांगणाऱ्यांनी वाळूजच्या कारखान्यातला एचआरवाला बघितलेला नसतो. कंत्राटी कामगारांची हजेरी, पीएफची भांडणं, पाळी सुटताना गेटवरची कटकट. कसला आलाय एसी?

वडील लातूरच्या आडतीवर मुनीम. सोयाबीनच्या पट्ट्या मी शाळेत असल्यापासून वाचते. वजन, भाव, खाली हमाली, तोलाई आणि जूनमध्ये बियाण्यासाठी घेतलेली उचल, व्याजासकट वजा. महिना दोन रुपये शेकडा ऐकायला काहीच वाटत नाही. वर्षाचे ते 24 टक्के होतात. हे गणित मला आवडायचं, म्हणून फायनान्स. मुलाखतीत हे छान खपतं. पण वर्गातल्या झाडून सगळ्या मुली एचआरला चालल्या होत्या आणि मला त्यांच्यात जायचं नव्हतं, हेही तेवढंच खरं.

आता जे कुणी विचारत नाही ते. दुसऱ्या वर्षाला ग्रुप निवडायचा होता. नोटीस लागली की पुरेशी नावं आली तरच फायनान्स चालेल, नाहीतर ती मुलं मार्केटिंगला. शिकवायला बाहेरून सर आणायचे, त्यांना तासावर पैसे द्यायचे. कॉलेजनं त्यांचा हिशोब केला होता. एक नाव कमी पडत होतं. माझ्या रूममेटनं एचआर लिहून फॉर्म भरून ठेवलेला. मेसमधून आल्यावर मी तिच्यामागे लागले. अकाउंट्स मी शिकवते, नोट्स माझ्या घे, बँकेत लागशील. ती रेणापूरकडची, कोरडवाहू घरची. बँक म्हटल्यावर गप्प झाली. मग तिनंच व्हाइटनर मागितलं. एचआरवर दोन हात दिले, वाळायच्या आत वर फायनान्स लिहिलं, तर पेन रुतून अक्षरं फाटल्यासारखी झाली. सकाळी क्लार्कनं कागद उजेडाकडे धरला, "हे कुणी खोडलं?" "मीच, सर." मी शेजारीच उभी होते.

ग्रुप चालला. तिचा एक पेपर राहिला, नंतर निघाला. आता ती मायक्रोफायनान्समध्ये आहे, स्कूटीवर गावोगाव बचत गटांच्या बायकांचे हप्ते गोळा करते. "फायनान्सच आहे की गं," म्हणते. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम तिला पाठ आहे: हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आता मजुरीवर जगणाऱ्या बाईची महिन्याची कमाई काय लिहायची, ते तिनं ठरवायचं.

मी तेव्हा म्हणायचे, नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. आता म्हणते, एचआर घेऊन तरी लातुरात तिला काय मिळालं असतं? पुण्याला घरच्यांनी धाडलं नसतं. उत्तर बरोबर आहे. फक्त मी ते फार पटकन देते.

आणि माझं म्हणाल तर एका डाळमिलमध्ये दर महिन्याला बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मिलमधल्या मालाचा हिशोब, करते. तूर महागली की तेवढ्याच सीसी लिमिटमध्ये, म्हणजे बँकेनं ठरवून दिलेल्या उधारीच्या मर्यादेत, पोती कमी येतात, मग मालक माझ्यावर ओरडतात. मला हे काम आवडतं. त्यात समजावून घेण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

परवा मामेबहिणीनं विचारलं, कोणता ग्रुप घेऊ? म्हटलं, आवड नंतर. आधी बघ कॉलेजात कोणता ग्रुप खरोखर चालतो आणि शिकवायला कोण आहे. ती म्हणाली, "ताई, तुझ्या त्या मैत्रिणीला पण विचारू का?" मी नंबर दिला.