रेयुनियन: बेट छोटं, हवा दोन तऱ्हांची

रेयुनियनला जाणार असाल तर हॉटेलचे दर पाहण्याआधी वारा कुठून येतो ते पाहा. मॉरिशसशेजारचं हे फ्रेंच बेट साधारण 2,500 चौरस किलोमीटरचं, पण त्याचा मधला पर्वत 3,000 मीटरहून उंच आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेच्या उतारावर अडतात आणि तिथेच रिते होतात. सँत-रोजच्या वरच्या डोंगरात वर्षाला 10,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर पलीकडे सँ-जिलच्या किनाऱ्यावर हजाराचा आकडाही गाठला जात नाही. महाबळेश्वर आणि माणदेश एकाच बेटावर आणून ठेवलेत म्हणा ना.

म्हणून मुक्काम पश्चिमेला करा. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो. ऊन सोसवेल असं होतं आणि सँ-जिलजवळचे उतार पार पिवळे पडले होते. प्रवाळाचा बांध याच बाजूला आहे. लेर्मिताजचं उथळ, शांत पाणी मुलांनाही चालतं, मात्र पायात रबरी बूट हवेत. बांधाबाहेर पोहू नका. शार्कच्या हल्ल्यांमुळे 2013 पासून राखीव, देखरेखीच्या जागा सोडून इतरत्र बंदी आहे. त्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. रविवारी इथली कुटुंबं भाताची पातेली घेऊन झाडांखाली ठाण मांडतात, तेव्हा सावली हवी तर सकाळीच पोहोचा.

पूर्वेला मात्र एक अख्खा दिवस द्या, आणि पहाटे निघा. उन्हं वर आली की डोंगर ढगात जातो. शिवाय राजधानी सँ-देनीच्या आसपास सकाळी गाड्या तुंबतात. या बाजूला वाळू फारशी नाहीच. काळे कडे, गोटे आणि उसाची शेतं. सँत-रोजजवळच्या एका गावात 1977 साली लाव्हा घरं गिळत चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेला. चर्च आजही उभं आहे, भोवती थिजलेला दगड. पुढे ग्राँ ब्रुले लागतं. पितों द ला फुर्नेज या ज्वालामुखीचा लाव्हा समुद्राकडे उतरतो तो हा उतार. 2007 च्या उद्रेकाने इथला किनाऱ्याचा रस्ता पुरला आणि किनारा थोडा पुढे सरकवला. रस्ता नंतर त्याच लाव्हावरून नव्याने बांधला. जुन्या प्रवाहांवर दाट जंगल आहे, नव्यांवर नुसती शेवाळं आणि नेचे. पाऊस इतका, की दगडावर हिरवं यायला फार काळ लागत नाही.

इथे पाय ठेवताना एक गोष्ट मनात होती. भूगर्भातल्या ज्या हॉटस्पॉटने, म्हणजे खोलवरून तप्त खडक वर येणाऱ्या जागेने, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट ओतला, त्याच्याच डोक्यावर आज हे बेट आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. हा दगड हातात घेतला तर रायगडाच्या दगडाचा धाकटा नातलगच, फक्त अजून झिजलेला नाही.

जानेवारी ते मार्च टाळा, तो चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी 1966 मध्ये इथल्या फोक-फोकला 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस झाला, तो जागतिक विक्रम आहे. मे ते नोव्हेंबर बरा; तरी पूर्वेसाठी रेनकोट आणि वर ज्वालामुखीकडे जाणार असाल तर स्वेटर घ्याच.

गाडी भाड्याने घ्या. इथे उजवीकडून चालवतात. नसेल जमत तर कार जोन नावाच्या पिवळ्या बस किनाऱ्याने फिरतात, पण पूर्वेला वेळापत्रक पाहूनच निघा. शाकाहारींना भात, कडधान्यं, टोमॅटोची रुगाय चटणी आणि बोंबों पिमाँ हे मिरचीचे छोटे वडे मिळतात. दुपारचं जेवण उशिरा मागू नका, स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. चलन युरो, पण बेट शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात नाही. तिथला व्हिसा इथे आपोआप चालेल असं धरू नका, तिकिटाआधी चौकशी करा.