सोपाऱ्याचा सातिमित आणि भाज्याचं सागवान

कार्ले आणि भाजे ही लोणावळ्याजवळची बौद्ध लेणी ठाण्याहून एका दिवसात निवांत बघून होतात, फक्त सोबत दगड वाचून दाखवणारं कुणीतरी हवं. आमच्या गटाला तशा बाई मिळाल्या. पुरातत्त्व शिकवणाऱ्या, ब्राह्मी ही प्राचीन लिपी घडाघडा वाचणाऱ्या आणि "आधी जरा बसा, फोटो नंतर" असं बजावणाऱ्या.

डिसेंबरातला रविवार. ठाण्याला भल्या पहाटे इंद्रायणी पकडली. कर्जतला गाडीला घाटात मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली, तेवढ्यात वडापाव हातोहात फिरले आणि बाईंनी घाटाचा विषय काढला. बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. पण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच डोंगररांगेतल्या घाटवाटांनी देशावर चढायचा. तांडे ज्या वाटेनं जायचे, तिच्या आसपासच ही लेणी खोदली गेली. इतकी वर्षं मी त्यांना आडरानातली समजत होते.

लोणावळ्याहून पुण्याची लोकल, पुढचंच स्टेशन मळवली. तिथून रिक्षानं कार्ला.

वर एकवीरेच्या दर्शनाची रांग, आणि मंदिराला अगदी खेटून चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन. आत शिरलं की सुमारे ३८ मीटर लांब दालन, दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी. बाईंनी एका खांबावर विजेरी तिरपी धरली आणि नुसत्या खरवडल्यासारख्या दिसणाऱ्या रेघांची अक्षरं झाली. हा खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचं दान. म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा माणूस! दाराशी धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं नाव, आणि तिथेच ते दार घडवणाऱ्या सामी सुताराचंही. दान देणाऱ्याच्या बरोबरीनं कारागिराचं नाव कोरलेलं बघून मला फार बरं वाटलं.

गटात चेंदणी कोळीवाड्याच्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, "आई एकवीरा आमची कुलदेवता. लहानपणापासून येतेय मी इथं, पण खांबावर लिहिलंय हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं गं." मग त्यांनी प्रत्येक खांबापाशी थांबून विचारलं, यावर कोण? बाईंनीही न कंटाळता सांगितलं.

जेवण उरकून भाज्याला गेलो. पावसाळ्यात इथं धबधब्यासाठी झुंबड उडते, त्यातले बरेचजण लेण्याच्या पायऱ्यांकडे वळतही नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. हे लेणं कार्ल्याहूनही जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. दर्शनी भाग लाकडाचा होता, तो गेला. तो बसवायची भोकं दगडात अजून आहेत. खांब किंचित आत कललेले, कारण लाकडी इमारतीत ते असे कलते रोवत, आणि दगड फोडणाऱ्यांनी तीच सवय उचलली. आणि वर छताला सागवानी फासळ्या. खऱ्या, मूळच्या. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, कमानीत घट्ट बसल्यात. मी मान वर करून बराच वेळ तिथंच उभी राहिले.

पुढे १४ स्तूपांचा पुंजका आहे, ५ कातळाच्या आत आणि ९ बाहेर. काहींवर ज्येष्ठ भिक्खूंची नावं आहेत, त्यातलं धम्मगिरी हे मी स्वतः एकेक अक्षर लावत वाचलं. टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासात, रथातला देव आणि हत्तीवरचा देव असे दोन शिल्पपट आहेत. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात, अभ्यासकांचं मात्र यावर एकमत नाही. बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि आमच्यात जी जुंपली ती मळवलीच्या फलाटापर्यंत चालू होती.

जाणार असाल तर भाजे दुपारनंतरच ठेवा. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे, उतरतं ऊन आतपर्यंत येतं आणि फासळ्या विजेरीशिवाय दिसतात. कार्ल्याला मात्र विजेरी न्याच, आणि रांगेची गर्दी वाढायच्या आत सकाळी पोहोचा.